कळलावी कुंडीत कशी लावायची, आणि दिवाळीनंतर ती मेली असं समजून का टाकून द्यायची नाही

मे संपत आला आणि एखादा वळीव झोडपून गेला की सकाळी चहाचा कप घेऊन टेरेसवर गेल्यावर मी आधी एका रिकाम्या कुंडीकडे जाते. वरून रिकामी, नुसती माती. नोव्हेंबरपासून तिला पाण्याचा थेंब दिलेला नसतो, माती एवढी सुकलेली असते की कडेने कुंडीपासून सुटलेली असते. आणि मग जूनमध्ये कधीतरी एके दिवशी त्या मातीतून करंगळीच्या टोकाएवढं चकचकीत हिरवं नाक वर आलेलं दिसतं, आणि खरं सांगते, इतकी वर्षं झाली तरी दरवर्षी तेवढाच आनंद होतो. ही माझी कळलावी.

श्रावणात सिंहगडाच्या पायवाटेने किंवा मुळशी-ताम्हिणीकडे गेलात तर करवंदीच्या जाळीतून डोकं वर काढलेलं लाल-पिवळं, ज्वाळेसारखं फूल तुम्ही नक्की बघितलं असणार, फोटोही काढला असणार. तीच ही. आपल्याच डोंगरातली, एकदा नीट लावली की दरवर्षी पावसाबरोबर आपोआप परत येणारी. संस्कृतात अग्निशिखा म्हणतात ते फुलावरून आणि लांगली म्हणतात ते कंदावरून, कारण कंद नांगरासारखा वाकडा असतो. कोकणात काही ठिकाणी गौरीचे हात म्हणतात. शास्त्रीय नाव ग्लोरियोसा सुपर्बा, हे लिनियसने १७५३ मध्ये दिलं. तमिळनाडूचं हे राज्यफूल आहे आणि तिकडे लांब आफ्रिकेत झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल पण हेच.

आता लावायची कशी ते सांगतेच, पण त्याआधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. ही वेल विषारी आहे. थोडीथोडकी नाही, चांगलीच विषारी. कंद, बिया, पानं, फुलं सगळंच, त्यात कंद आणि बिया जास्त. त्यात कोल्चिसिन असतं. हेच कोल्चिसिन डॉक्टर गाऊटसाठी (सांधे सुजून दुखण्याचा आजार) अगदी मोजून-मापून देतात आणि हेच जास्त पोटात गेलं तर माणूस दगावतो, त्याला उतारा म्हणून असं ठरलेलं औषध नाही. कंद दिसतो रताळ्यासारखा आणि रताळं समजून खाल्ल्यामुळे माणसं गेल्याच्या घटना खरोखर घडलेल्या आहेत. म्हणून घरात रांगतं बाळ असेल, सगळं तोंडात घालायच्या वयाचं मूल असेल किंवा कुंड्या उकरणारा कुत्रा असेल तर आत्ता लावू नका, मूल मोठं होऊ दे, कळलावी कुठे पळून जात नाही. तोवर अबोली लावा, कोरांटी लावा, त्याही छानच आहेत. आणि चुकून कोणी खाल्लंच तर "अजून काही होत नाहीये ना, बघू थोडा वेळ" असं करत बसू नका, त्रास काही तासांनी सुरू होतो, तेव्हा लक्षणांची वाट न बघता लगेच मोठ्या हॉस्पिटलला न्या आणि झाडाचा तुकडा किंवा फोटो बरोबर घ्या म्हणजे डॉक्टरांना कळेल काय पोटात गेलंय.

माझी मुलं कॉलेजात गेल्यावरच मी ही लावली. तेव्हा सासूबाईंनी नाव ऐकून कपाळाला आठ्या घातल्या, म्हणाल्या, "अगं कळलावी कुठे दारात लावतात का, घरात भांडणं लागतात." हा समज खूप जुना आहे, नावातच कळ लावणारी असं ऐकू येतं ना. पण वैद्यक जाणणारे लोक नावाचा दुसरा अर्थ सांगतात, पूर्वी बाळंतपणात कळा याव्यात म्हणून सुइणी हा कंद वापरायच्या, त्यावरून कळलावी. (हे असले उपाय आता कोणी घरी करू नयेत, उगाळून लावणं पण नको. आयुर्वेदात लांगलीला उपविष म्हणतात आणि शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत, ते वैद्यांचं काम आहे.) मी आईंना म्हटलं, वर टेरेसवर ठेवते, दारात नाही. तेवढ्यावर मिटलं.

कंद कुठून आणायचा? टेकडीवरून उपटून आणायचा नाही, हे मी अगदी हात जोडून सांगते. औषधासाठी खणून खणून ही वेल बऱ्याच ठिकाणी आधीच कमी झालीय. आणि भर पावसात फुलावर असलेली वेल उपटून आणली तर ती जगत पण नाही, कंद खोल असतो, हातात नुसतं खोड तुटून येतं. नर्सरीत मिळते. सोलापूर रोडला हडपसरच्या पुढे उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, तिकडे एप्रिल-मेमध्ये चक्कर मारा, तेव्हा सुका कंद मिळतो, कळलावी म्हणून नाही कळलं तर ग्लोरियोसा लिली म्हणून विचारा. फक्त ग्लोरियोसा म्हणून जे पाकिटातले कंद येतात त्यात कधी कधी आफ्रिकन वळणाची, जास्त लाल आणि मोठ्या फुलाची बागेतली जात असते. ती पण सुंदर आहे, पण आपली गावठी हवी असेल तर तसं स्पष्ट विचारून घ्या.

कंद हातात घेऊन नीट बघा, इथेच निम्मा निकाल लागतो. इंग्रजी व्ही अक्षरासारखा किंवा काटकोनात वाकलेला असतो, बोटाएवढा जाड, तपकिरी साल. या व्हीच्या दोन्ही टोकांना एक एक डोळा असतो, फक्त टोकालाच. बटाट्यासारखे अंगभर डोळे नसतात. म्हणजे टोक मोडलं की तो हात संपला, तिथून काही फुटणार नाही. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी एका नर्सरीतून आणलेला कंद चांगला जाडजूड बघून घेतला, त्याची दोन्ही टोकं वाहतुकीत खरचटून गेलेली होती, मी तो लावला आणि जून गेला जुलै गेला, ऑगस्टमध्ये शेवटी उकरून बघितलं तर कंद तसाच्या तसा, घट्ट, पण मुका. तेव्हापासून मी आधी टोकं बघते मग जाडी. कंद दाबून कडक लागला पाहिजे, मऊ किंवा सुरकुतलेला घेऊ नका. आणि घरी आणल्यावर कांद्या-बटाट्याच्या टोपलीत एक मिनिटही ठेवायचा नाही.

कुंडी पसरट घ्या कारण कंद आडवा झोपवायचा असतो. १४ इंची मातीची कुंडी एका कंदाला पुरते, ग्रो बॅग चालेल. खाली भोकं मोकळी आहेत ना ते बघा, त्यावर खापरीचे तुकडे टाका. मातीच्या बाबतीत ही वेल कुठे वाढते ते आठवा म्हणजे सगळं आपोआप कळतं. डोंगरउतारावर, मुरमाड जमिनीत, जिथे धो धो पाऊस पडला तरी पाणी उभं राहत नाही तिथे. पुण्यात बऱ्याच सोसायट्यांच्या आवारात जी काळी चिकट माती असते ना, ती नुसती वापरली तर ऑगस्टमध्ये कंद हमखास कुजणार. मी दोन घमेली लाल माती, एक घमेलं बारीक मुरूम (नसेल तर जाड वाळू) आणि एक घमेलं चांगलं कुजलेलं जुनं शेणखत घेते, त्यात दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट घालू नका असं माझं मत आहे, पावसात ते स्पंजसारखं पाणी धरून बसतं, बाकी झाडांना ठीक आहे पण हिला नको.

मेच्या शेवटच्या आठवड्यात लावा. ग्लोव्हज घाला, नसतील तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. कंद आडवा ठेवा, वर दोन-तीन इंच माती येईल असा, आणि टोकं कुंडीच्या भिंतीला टेकणार नाहीत हे बघा. एकदा पाणी द्या आणि मग थांबा. रोज पाणी घालायचा मोह होतो, मला माहितीये, पण कोंब दिसेपर्यंत माती जेमतेम ओलसर राहिली तरी पुरे. दोन ते पाच आठवडे लागतात. मध्येच बोटाने उकरून बघू नका, तो कोंब एवढा ठिसूळ असतो की नख लागलं तरी मोडतो आणि मोडला तर बहुतेक वेळा तो कंद त्या सिझनला पुन्हा फुटत नाही, सगळं पुढच्या वर्षावर जातं.

कुंडीची जागा, पाय सावलीत आणि डोकं उन्हात अशी. चार-पाच तास ऊन हवंच. पूर्वेची गॅलरी असेल तर उत्तम. टेरेसवर असेल तर मी त्या कुंडीपुढे दोन छोट्या कुंड्या ठेवते म्हणजे मातीवर सावली पडते आणि वेल वर उन्हात जाते.

आता आधार, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. कळलावी खोडाने चढत नाही, पानांनी चढते. प्रत्येक पानाचं टोक लांब होत होत दोऱ्यासारखं बारीक होतं आणि त्याला पुढे छोटी गुंडाळी असते, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी. एकदा रविवारी सकाळी मी त्या टोकाजवळ एक तुराटी नेऊन टेकवली आणि शेजारी निवडायची मेथी घेऊन बसले. मेथी निवडून झाली, मग लसूण सोलला, एवढ्या वेळात त्या टोकाने काडीला पाऊण वेढा घातला होता, दुपारी जेवण करून आले तर दोन वेढे आणि एवढे घट्ट की काडी उचलली तर पान बरोबर येत होतं. पण हा हात छोटा आहे, त्यात पेन्सिलीपेक्षा जाड काही मावत नाही. लोक जाडजूड बांबू किंवा पीव्हीसी पाईप उभा करतात आणि मग म्हणतात वेल धरतच नाही, खाली लोळते. कशी धरेल? तुराट्या लावा, मेंदीच्या छाटलेल्या फांद्या खोचा, नायलॉनची जाळी बांधा, काहीही बारीक. आणि हे आधार कंद लावतानाच खोचून ठेवा, नंतर खोचायला गेलात तर काडी कंदातून आरपार जाईल. उंची सहा फुटांपर्यंत सहज जाते. टेरेसवर जुलैमधला वारा फार असतो, तेव्हा सगळा सांगाडा कठड्याला सुतळीने बांधून टाका.

पाण्याचं म्हणाल तर पाऊस चालू असताना काहीच करायचं नाही. पुण्यात मात्र जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांची उघडीप मिळतेच, नुसतं ढगाळ, आणि आपल्याला वाटतं पावसाळा आहे, पाणी कशाला. त्याच वेळी कळ्या धरत असतात. तेव्हा वरची इंचभर माती सुकली की पाणी द्या. पंधरा दिवसांतून एकदा शेणाचं पातळ पाणी किंवा जीवामृत, आणि कळ्या दिसायला लागल्या की एक मूठ चुलीतली राख मिळाली तर बघा. युरिया देऊ नका, नुसतीच पानं माजतात.

कीड एकच त्रास देते पण ती जोरात देते. काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि लालसर-नारिंगी डाग असलेल्या अळ्या. लिली मॉथ नावाच्या पतंगाच्या या अळ्या, कळलावी आणि लिली वर्गातली झाडं हेच त्यांचं खाणं. एका रात्रीत शेंडा फस्त करतात. पानांच्या मागे बघत जा, लहान असताना घोळक्याने असतात तेव्हाच ग्लोव्हज घालून पान काढून टाका. मी फवारणी जवळजवळ करतच नाही, फारच झालं तर निंबोळी अर्क संध्याकाळी, कारण सकाळी फुलपाखरं असतात आणि शिंजीर येतो. एवढासा पक्षी, चोच वाकडी, फुलाखाली लटकून मध पितो, त्याच्यासाठी तरी औषध मारू नका.

फुलं जुलैअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. कळी खाली मान घालून लोंबते, हिरवी, आणि उघडताना सहाही पाकळ्या मागे वर उलटतात, कडा झालरीसारख्या. पहिल्या दिवशी हिरवट पिवळी, मग खाली पिवळी वर लाल, शेवटी पूर्ण लाल. एक फूल आठवडाभर तरी टिकतं, त्यामुळे एकाच वेलीवर एकाच वेळी सगळे रंग दिसतात. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले आणि मधली स्त्रीकेसराची दांडी मात्र सरळ न जाता काटकोनात बाजूला वळलेली. हे वळण उगाच नाहीये, स्वतःचा पराग स्वतःला लागू नये म्हणून दांडी बाजूला राहते आणि पाहुण्याच्या अंगाला लागून दुसऱ्या फुलाचा पराग येतो. टेरेसवर फुलपाखरं कमी येत असतील आणि तुम्हाला बी हवं असेल तर बारीक ब्रशने एका फुलाचा पराग दुसऱ्याच्या त्या दांडीच्या टोकाला लावा, तमिळनाडूत बियांसाठी शेती करणारे शेतकरी पण हाताने हेच करतात. बी नको असेल, घरात पाहुण्यांची लहान पोरं येत असतील, तर फूल वाळल्यावर हिरवी शेंग धरायच्या आत कापून टाका. शेंग पिकून तडकली की आत लालभडक गोळीसारखे दाणे असतात, मुलांचा हात जायलाच हवा असे.

गौरी येतात तेव्हा वेल अगदी भरात असते. तेरडा तर लागतोच, पण माझ्या सासूबाई चिपळूणकडच्या, दुसऱ्या वर्षी त्यांनीच वर येऊन फुलं बघितली आणि म्हणाल्या, "अगं ही तर गौरीचे हात." त्यानंतर भांडणांचा विषय निघाला नाही. आता गौरीपुढे दोन फुलं त्याच ठेवतात, प्रसादाच्या ताटापासून लांब, आणि हात धुऊन मगच नैवेद्याला हात लावतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. ऑक्टोबर हीट सुरू झाली की पानं खालून पिवळी पडायला लागतात आणि दिवाळीच्या आसपास पूर्ण वेल वाळते. आपल्याला वाटतं गेली. पहिल्या वर्षी मलाही तेच वाटलं, म्हणून मी रोज पाणी दिलं, वर डीएपी खताचे दाणे टाकले, कुंडी सावलीत हलवली, आजारी माणसाची करावी तशी सेवा केली. डिसेंबरात माती उकरली तर कंदाच्या जागी काळा लगदा, आणि वास. तो कंद पाण्याने मेला. वेल मेलेली नव्हतीच, ती झोपली होती. सह्याद्रीत नोव्हेंबर ते मे सात महिने पाऊस नसतो आणि ती तशीच जमिनीखाली झोपून काढते, त्या काळात तिला पाणी म्हणजे त्रास. पानं पिवळी व्हायला लागली की पाणी कमी करा, पूर्ण वाळली की बंद. हिरवी पानं कापू नका, कारण पावसाळाभर केलेलं सगळं अन्न ती खाली उतरवत असते. जुना कंद दरवर्षी झिजून संपतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो, तो किती मोठा होणार ते या शेवटच्या महिन्यात ठरतं. खोड आपोआप सुटून हातात आलं की काढा. कुंडी टेरेसच्या पत्र्याखाली, पाणी लागणार नाही अशी सरकवून ठेवा. गावाला जाताना शेजाऱ्यांना किंवा माळीकाकांना सांगून जा की या कुंडीला पाणी घालायचं नाही, लोक प्रेमाने घालतात आणि तिथेच घात होतो.

दोन वर्षांनी एकदा, एप्रिलमध्ये, कुंडी वर्तमानपत्रावर उपडी करून माती बदला. खुरप्याने खणू नका, टोकं तुटतात. व्हीचे दोन हात सांध्यापाशी वेगळे केले तर दोन झाडं होतात, तुटल्या जागी राख लावून दोन दिवस सावलीत सुकवा. बियांपासून पण येते पण उगवायलाच वेळ घेते आणि फुलायला तीन-चार वर्षं लागतात, पहिल्या वर्षी नुसतं गवतासारखं एक पान आणि शेंगदाण्याएवढा कंद. मी एका ट्रेमध्ये लावलीयेत, सध्या दुसरं वर्ष चालू आहे.

या एप्रिलमध्ये एका कुंडीतून चार चांगले कंद निघाले. दोन मी परत लावले, दोन वरच्या मजल्यावरच्या ताईंना दिले, प्रत्येकाला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून, त्यावर लाल स्केचपेनने मोठ्ठ्या अक्षरात "कळलावी. विषारी. खायचं नाही. दिवाळी ते मे पाणी नाही." तशीच चिठ्ठी लॅमिनेट करून माझ्या कुंडीत पण खोचलेली आहे, कारण सात महिने ती कुंडी रिकामीच दिसते आणि रिकाम्या कुंडीत कोणीतरी कोथिंबीर पेरायला जातंच.